नदीकाठी रुसायची जागा

आमच्या घरात रागावलं की बाहेर निघून जायची पद्धत आहे. भांडण रंगात आलं की पायात चप्पल अडकवायची, दार आपटायचं आणि चालू लागायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं होतं. पुढे मीही शिकले. आता माझी जागा म्हणजे कोपऱ्यावरच्या बागेतला शेवटचा बाक, आणि ह्यांची जागा म्हणजे गल्लीतलंच त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. तिथं जाऊन बसायचं, मग घरातलं कुणीतरी मागून येतं, "चल आता, पुरे झालं" म्हणतं, आपण आणखी थोडं ताणून धरायचं आणि मग घरी यायचं. समजूत काढायला कुणी यायचं तर आधी माणूस घरातून जायला हवा ना!

फक्त वन्संना हे कधी जमलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, ह्यांची मोठी बहीण. लहानपणी तापात पाय गेले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवर. त्या आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. घर त्यांच्या वडिलांचं, राहतो आम्ही. पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून त्या बॅगांच्या चेन दुरुस्त करतात. दप्तरं, पर्सा, प्रवासाच्या मोठ्या बॅगा, सगळं. साऱ्या वस्तीत त्यांना चेनवाल्या बाई म्हणतात. नाकावर राग असा की कुणी "चेन आपोआप तुटली हो" म्हटलं की झालंच. "आपोआप नाही, तुम्ही बॅगेत घर कोंबलंत," असं तोंडावर सांगतात. गिऱ्हाईक मुकाट्यानं बॅग ठेवून जातं, कारण चेन नवी न घालता नुसता रनर बदलून भागतं का, हे त्या खरं सांगतात.

अशा बाईला राग आला की ती काय करते? खुर्ची वळवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. बस्स. तेही सुखानं जमत नाही, कारण आमचा फ्रिज त्यांच्याच खोलीत. त्या चांगल्या फुगून बसलेल्या असतात आणि मी जाऊन म्हणते, "वन्सं, जरा सरकता का, दूध काढायचंय." रुसवा म्हणजे काय दुधाचं पातेलं आहे, की मधेच सरकवून ठेवावं? पण मी तरी काय करणार! चहाची वेळ झालेली असते.

नदी आमच्या गल्लीच्या टोकाला. टोकाला म्हणजे अगदी टोकाला, पण पूर्वी तिथं मोडक्या दगडी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांखाली लोकांनी टाकलेलं जुनं फर्निचर. ह्यांच्या तरुणपणी हे बहिणीला उचलून खाली पाण्यापर्यंत न्यायचे. मग ह्यांची कंबर गेली आणि वन्संची नदीही गेली. गल्लीच्या टोकावरून दोन भिंतींच्या मधे पाण्याची एक पट्टी दिसायची, तेवढीच उरली.

मग पालिकेनं नदीकाठ नव्यानं करायला काढला. शाळेच्या सभागृहात लोकांची बैठक बोलावली. मागे मोठा फलक, "नदी सर्वांची". टेबलावर रंगीत नकाशे, आणि ते समजावून सांगणारी एक तरुण आर्किटेक्ट बाई. स्वभावानं गरीब, आवाजानं त्याहून गरीब. तिनं प्रत्येकाला विचारलं, नदीवर येऊन तुम्हाला काय करायला आवडेल? सकाळी फिरणाऱ्या मंडळींना चालायला पट्टा हवा होता. म्हाताऱ्यांना पाठ टेकता येईल असे बाक. कॉलेजातल्या दोघांनी दिवे जरा कमी लावा असं सुचवलं, त्यावर म्हातारे संतापले. मग ती वन्संकडे वळली.

"मला रुसून बसायचंय," वन्सं म्हणाल्या.

सभागृह हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? वन्सं हसल्या नाहीत.

"हसा. तुम्हा सगळ्यांना रागावून घराबाहेर पडता येतं. मला कुठंही जायचं तर आधी कुणाला तरी विचारावं लागतं. ज्याच्यावर रागावले त्यालाच सांगू का, की बाबा, मी तुझ्यावर रुसलेय, जरा मला ढकलत ने?"

आता कुणी हसलं नाही. आर्किटेक्ट बाई म्हणाली, "पाण्यापर्यंत उतार करू. तुम्ही एकट्या या आणि हवं तेवढं रुसा." आणि तिनं शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. उतार लांब, हळूहळू खाली जाणारा, मधे दम खायला सपाट जागा, आणि शेवटी पाण्याला हात लागेल असा ओटा. काम चालू असताना आम्ही रोज गल्लीच्या टोकावरून बघायचो.

वन्संनी तर सरावच सुरू केला. घराच्या उंबऱ्यावर ह्यांनी लोखंडी पत्रा टाकून दिला, त्यावरून त्या रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी एकट्या गल्लीत उतरायच्या आणि टोकापर्यंत जाऊन यायच्या. हातात कातडी मोजे, स्वतःच शिवलेले. दंड दुखायचे, मी तेल चोळून द्यायचे आणि चोळता चोळता चिडवायचे, "वन्सं, एवढी तयारी आमच्यावर रुसायला? आधी भांडण तरी ठरवू या." त्या म्हणायच्या, "भांडणाचं काय, तू आहेस की."

उतार झाला आणि तो अजून उघडायच्या आधीच त्यावरून मोटरसायकली धावायला लागल्या. आपल्याकडे सपाट जागा दिसली की तिच्यावर चाक घालायचंच! सकाळी फिरणाऱ्यांनी ओरडा केला. आर्किटेक्ट बाईचं काम नकाशापुरतं होतं, ते संपून ती दुसऱ्या कामाला लागली होती. पालिकेच्या इंजिनियर साहेबांनी हुकूम काढला: उताराच्या तोंडाशी फाटक बसवा. फाटक म्हणजे उघडायचं-लावायचं नव्हे. स्टीलच्या पाइपांचे दोन कठडे, एक डावीकडून, एक उजवीकडून, मधून माणूस वळत वळत जाईल, मोटरसायकल अडकेल. ठेकेदारानं हे काम दिलं ते नेमकं आमच्या ह्यांना.

ह्यांना आनंद झाला आणि काळजीही वाटली. साहेबांना म्हणाले, "साहेब, माझ्या बहिणीची खुर्ची त्यातून गेली पाहिजे." साहेब म्हणाले, "मग तुम्हीच माप घ्या. घरात खुर्ची आहे, तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

तेव्हा ह्यांनी माप घेतलं. दुपारी वन्सं पलंगावर पडल्या होत्या, खुर्ची शेजारी रिकामी. हे दबक्या पावलांनी आत गेले, गुडघे टेकून बसले आणि टेपनं चाकापासून चाकापर्यंत माप घेतलं. वर बोटभर जागा सोडली, मोटरसायकलचं हँडल मात्र जाणार नाही अशी. वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं रेघा मारल्या आणि रिकामी खुर्ची नेऊन त्यातून वळवून पाहिली. मला डोळ्यांनी खूण केली, ताईला सांगू नकोस. मलाही कौतुक वाटलं. नवरा बहिणीसाठी इतका जीव टाकतो, याचं कुणाला वाटणार नाही?

उद्घाटनाला सारी वस्ती लोटली. पाहुण्यांनी रिबन कापली, भाषणात समाजातल्या शेवटच्या माणसाला आणलं, आणि तो शेवटचा माणूस म्हणून वन्संना पुढं बोलावलं. ह्यांनी मागून खुर्ची धरली. पहिला कठडा, मूठ जराशी डावीकडे ओढली, दुसरा कठडा, उजवीकडे, आणि खुर्ची लोण्यातून सुरी जावी तशी पार. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. वन्संचे हात मांडीवर होते. कुणी ढकलत असलं की त्या हात मांडीवरच ठेवतात, चाकात जाऊ नयेत म्हणून.

खाली ओट्यावर त्यांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "छोट्या, आता मला वर ने." आमचे हे दारात उभे राहिले तर दार भरतं, पण बहिणीच्या तोंडी अजून छोट्या. "वर कशाला?" ह्यांनी विचारलं.

"आता मला एकटीला यायचंय."

हे त्यांना वर घेऊन आले आणि फाटकाबाहेर सोडून बाजूला झाले. लोक चहाच्या टेबलाकडे वळले होते. वन्संनी चाकांच्या बाहेरची, हातानं फिरवायची कडी धरली आणि खुर्ची पुढं घातली. पहिल्या कठड्यालाच त्यांचे हात पाइपला घासले. खुर्ची जात होती, पण कड्यांवरच्या मुठी जात नव्हत्या, आणि कोपरं तर मुळीच नाहीत. हात आत घ्यावेत तर खुर्ची चालणार कशानं? त्यांनी पाइप धरून स्वतःला ओढलं. खुर्ची आत गेली, पण वळेना. मागचं चाक अडकलं. ना पुढं, ना मागं.

"अहो, कुणीतरी ढकला की बाईंना," मागून कुणीतरी म्हणालं. लगेच चार हात पुढं आले.

"हात लावू नका," वन्सं ओरडल्या. पण लोकांच्या अंगात मदत शिरली की ते ऐकतात थोडेच! ढकलून, उचलून, त्यांना पार नेलं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. वन्संनी मोजे काढले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलली होती.

आमचे हे धावत आले आणि जे बोलू नये तेच बोलले. "असं कसं, ताई? जाते की खुर्ची! मी ढकलली तेव्हा गेली ना?"

मी तिथंच कपाळावर हात मारला. तेव्हा मला कळलं काय झालं ते. हा माणूस लहान असल्यापासून त्या खुर्चीच्या मागं उभा आहे. शाळेत तोच ढकलायचा, दवाखान्यात तोच, लग्नाकार्यात तोच. खुर्ची त्यानं मागून पाहिलेली, हात मांडीवर ठेवलेल्या बहिणीसकट. रोज सकाळी त्या गल्लीत एकट्या फिरायच्या तेव्हा हे झोपलेले. मग मापात हात येणार कुठून? खुर्ची चालते ती आपल्या जोरावर, असंच त्यांनी आयुष्यभर धरलं होतं, मायेनंच.

यानंतर पालिकेत खेटे घालणं आलं. ह्या खिडकीतून त्या खिडकीत, त्या खिडकीतून साहेब जेवायला गेलेत. शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले. येताना कुठल्याशा दवाखान्यातली एक चाकाची खुर्ची आणली होती, रिकामी. ती फाटकाशी ठेवली, पाठीला धरून ढकलली, डावीकडे, उजवीकडे, आणि पलीकडे जाऊन आमच्याकडे वळले. "बघा. जाते."

वन्सं म्हणाल्या, "साहेब, खुर्ची जाते. पण खुर्ची कुणावर रुसलेली नाही."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी वॉचमनचा नंबर दिला. "फोन करायचा, तो येऊन ढकलेल. चांगली सोय आहे. सेवा समजा."

"म्हणजे मी रागावले की आधी वॉचमनला फोन करू? आणि तो जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत राग धरून ठेवू?"

"बाई, तुम्हाला नदीवर जायचंय ना? मग ढकलतंय कोण, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून साहेब गाडीत बसले. पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडीच्या काचेवर हात आपटला, त्यांनी काच वर घेतली.

त्यानंतर घरात कुणी नदीचं नाव काढेना. वन्सं सकाळी गल्लीत उतरेनाशा झाल्या. मोजे खिडकीत चेनांच्या डब्यावर पडून असायचे. गिऱ्हाइकांवर ओरडणंही बंद झालं. चेन आपोआप तुटली म्हटलं तरी नुसतं "ठेवा" म्हणायच्या, ते मला फार टोचायचं. भांडकुदळ माणूस भांडेनासं झालं की घर उदास होतं.

आणि एका संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "छोट्या, ते फाटक तू केलंस. तूच काप."

"ताई, सरकारी मालमत्ता आहे. आत टाकतील मला. पुन्हा पालिकेचं काम मिळायचं नाही."

"मग मी काय करू?"

"मी आहे ना! म्हणशील तेव्हा नेतो. आजवर तुला कधी नाही म्हटलंय का मी?"

वन्संनी घास खाली ठेवला. "नाही म्हटलं नाहीस. एकदाही नाही. म्हणूनच मला तुझ्यावर कधी धड रागावताही आलं नाही. रागावले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं असलं तर? तू ढकलणार, म्हणून मी गोड बोलणार. जन्मभर गोड बोलले मी तुझ्याशी. कंटाळा आला रे मला."

हे ऐकून ह्यांचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. "एवढं केलं ते सगळं पाण्यात," म्हणाले, हात धुतले, चप्पल अडकवली आणि दार आपटून गेले. खिडकीतल्या चेना लटकत होत्या त्या किती तरी वेळ हलत राहिल्या.

थोड्या वेळानं मी रिवाजाप्रमाणे वर्कशॉपवर गेले. कुलूप. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "वेल्डरसाहेब खाली गेले. नदीवर."

मी घरी येऊन वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या,

"बघितलंस? माझ्या जागेवर जाऊन रुसला."

मग त्यांनी डब्यावरचे मोजे उचलले. "समजूत काढायला मी जाते. तू मागून ये हवं तर. पण खुर्चीला हात लावलास तर बघ."

गल्लीभर त्या पुढं आणि मी मागं. बरेच दिवस सराव नव्हता, मधे दोनदा थांबल्या. मी माझे हात पाठीमागे बांधून ठेवले होते, नाहीतर ते आपोआप पुढं गेले असते. फाटकाशी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. खाली ओट्यावर हे बसले होते, पाण्याकडे तोंड, आमच्याकडे पाठ.

"छोट्या," वन्संनी हाक मारली. "चल घरी. पुरे झालं."

ह्यांनी वळून पाहिलं आणि लगबगीनं उठायला लागले.

"बस तिथंच. समजूत काढायला मी आलेय, मी येते."

हे अर्धवट उठलेले तसेच खाली बसले. आणि ह्यांनी पहिल्यांदा समोरून पाहिलं. बहिणीच्या मुठी कड्यांवर, कोपरं बाहेर, खुर्ची फाटकात शिरतेय आणि मुठी पाइपला अडतायत. वन्सं मागे आल्या, पुन्हा पुढं गेल्या. एक हात आत, एक हात पाइपवर. पुन्हा मागे. मोजा फाटला. मला वाटलं आता ओरडावं, रडावं, निदान साहेबांना शिव्या तरी द्याव्यात. मी ओठ चावत उभी राहिले. शेवटी त्या थांबल्या. धाप लागली होती.

"नाही येता येत मला," त्या खाली बघून म्हणाल्या. "तूच ये."

हे वर आले. फाटक ओलांडून बहिणीसमोर आले आणि मागं न जाता तिथंच, पुढ्यात, गुडघ्यांवर बसले. डोळे पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी टेप हाताला लागली. ती त्यांनी बाहेर काढली. मग म्हणाले, "ताई, कडी धर. ढकलताना धरतेस तशी."

वन्संनी धरली. ह्यांनी एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत टेप लावली. वन्सं म्हणाल्या, "नीट बघ, नाहीतर पुन्हा फक्त खुर्ची जाईल."

दुसऱ्या दिवशी हे पालिकेत गेले. एक कठडा बाजूला सरकवतो, माझ्या खर्चानं, तुम्ही फक्त हो म्हणा, असं सांगितलं. साहेब म्हणाले, फुकट काम करून घ्यायची आमच्याकडे तरतूद नाही. आणि नवं काम काढायचं तर आधीच्या कामात चूक होती असं दाखवावं लागेल, चूक तर नाही, पाहणीत खुर्ची गेलेली आहे. ह्यांनी पुन्हा अर्ज केलाय. मीही आता बरोबर जाते. खिडकीतला माणूस मला बघितलं की जेवायला जातो.

फाटक अजून तसंच आहे.

परवा माझं आणि वन्संचं जुंपलं. कारण काय विचारू नका, फ्रिजच होतं. त्या काही न बोलता पत्र्यावरून गल्लीत उतरल्या आणि गेल्या. दार आपटायला त्यांचा हात मागे पोचत नाही, म्हणून जाता जाता म्हणाल्या, "दार तूच आपट." मी आपटलं. मग रिवाजाप्रमाणे थोडा वेळ जाऊ दिला आणि मागोमाग निघाले.

त्या फाटकाशी होत्या. माझ्याकडे पाठ, पाइपांच्या मधून समोर पाणी. पलीकडे लोक फिरत होते, जाता-येता अंग चोरून त्यांच्या बाजूनं निघत होते. मी जवळ गेले आणि सवयीनं माझा हात खुर्चीच्या मुठीवर गेला.

"हात काढ."

मी काढला. "चला वन्सं, पुरे झालं," म्हणाले. "माझं चुकलं."

"तुझ्यावरचा राग मघाशीच गेला," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या मुठी कड्यांवरच होत्या. "पण मी अजून पोचले कुठेय?"